कासवखडकाची डोलकाठी

इकडे, जरा वर बघा. धक्क्याच्या पायऱ्या चढून आलात की उजव्या हाताला दगडी चौथऱ्यात रोवलेली, रंग उडालेली, एका अंगाला कललेली दिसते ना, ती मीच. मी डोलकाठी. म्हणजे एके काळी होते. आता मला कोणी खांब म्हणतं, आणि मध्यंतरी होडीतून फोटो काढायला आलेल्या एका गृहस्थांनी तर 'जुना टॉवर दिसतोय' असं म्हटलं. म्हणोत बापडे. इथे दुसरं कोणी ऐकायला उरलेलं नाही, तेव्हा तुम्ही आलाच आहात तर दोन घटका बसा आणि माझं ऐकून घ्या.

माझा जन्म मलबारातल्या रानातला. सरळसोट वाढले हा माझा गुण, आणि सरळ वाढलेल्या झाडाकडे सुताराची नजर आधी जाते. मला तासलं, तेल पाजलं आणि एका गलबतावर उभं केलं. कौलं, नारळ, मीठ असला माल घेऊन आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला यायचो. गलबत म्हातारं झालं तेव्हा माझगावच्या बंदरात त्याचं मोडकाम झालं. फळ्या जळणाला गेल्या, खिळे भंगारात गेले. माझं मात्र नशीब उघडलं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. कुठल्याशा कचेरीने मला उचललं आणि समोरच्या या बेटावर आणून रोवलं.

बेट म्हणायचं आपलं. नाव कासवखडक, आणि आकारही नावाला शोभेल इतकाच. या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाला 'सत्य आहे' म्हणायचे. इथे तेव्हा इशाऱ्यांची कचेरी होती. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना कुठे थांबायचं, कुठे वळायचं, ते माझ्या दोरीला निशाणं बांधून सांगायचे. कचेरीतल्या कारकुनांना आणि शिपायांना राहायला इथेच बैठी घरं दिली होती.

मुंबई इथून अगदी समोर दिसते. माझगावच्या गोदीतल्या क्रेन दिसतात, त्यांच्यामागे लालबाग-परळचे उंच मनोरे दिसतात. हात लांब केला तर लागेल असं नव्या माणसाला वाटतं. पण ओहोटी लागली की धक्क्यापुढे मांडीभर चिखल उघडा पडतो, आणि मग होडी येत नाही की जात नाही. पावसाळ्यात तर चार-चार दिवस कोणाचं तोंड दिसत नाही. हिमालयातलं खेडंही याहून बरं, तिथे निदान समोर मुंबई दिसत नाही.

शशिकांत या कचेरीत कारकून म्हणून आले तेव्हा त्यांना नुकती मिशी फुटली होती. गिरगावातल्या चाळीतला मुलगा, पोहता येत नव्हतं, होडीत बसला की डोळे मिटायचा. निशाणं चढवायचं काम मात्र असं करायचा की बघत राहावं. गाठ नीट, दोरी ताठ, निशाण उलटं कधी नाही. "आपण बोलत नाही, ओरडत नाही, तरी एवढं मोठं जहाज आपल्या शब्दावर वळतं," असं ते नव्या शिपायाला सांगत. मला ते वाक्य फार आवडायचं, कारण त्यात मीही आले.

मग नलू आली, लग्न होऊन, तीही गिरगावातलीच. पहिल्या दिवशी तिने चौथऱ्यापाशी उभं राहून चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, इथे भाजीवाला किती वाजता येतो?"

"येत नाही," शशिकांत म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. होडी आली की भाजी."

सासरी हट्ट न करणाऱ्या पिढीतली होती ती. पण त्या दिवशी बराच वेळ ती माझ्याशी टेकून मुंबईकडे बघत राहिली, हे मला आठवतं.

इथला संसार पाण्यावर चालायचा, खाऱ्याही आणि गोड्याही. गोडं पाणी बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मोठ्या मोटरहोडीतून, आठवड्याला यायचं आणि सिमेंटच्या टाकीत भरायचं. अंघोळ समुद्रात, वर एक तांब्या गोडं पाणी. तांदूळ धुतलेलं पाणी वांग्याच्या रोपाला. लग्न, बारसं, दवाखाना, सगळ्याचा मुहूर्त भरतीचा. मधल्या काळात वायरलेस आला, कचेरीला कुलूप लागलं, ज्यांना मुंबईत घर होतं ते गेले. शशिकांतच्या गिरगावातल्या खोलीत तोवर धाकट्या भावाचा संसार भरून गेला होता, तेव्हा ते राहिले. ज्यांना कुठेच काही नव्हतं तेही राहिले. समुद्राखालून येणारी विजेची तार एका पावसाळ्यात तुटली ती तुटलीच. तेव्हापासून इथल्या लोकांचे मोबाइल चार्ज व्हायला मुंबईला जायचे. कुशाबा नावाचा कोळी होता, माझगावच्या धक्क्यावर त्याची होडी असायची. तो दिवसाआड भाजी आणि कालचं वर्तमानपत्र घेऊन यायचा आणि सगळे फोन एका पिशवीत घालून न्यायचा. संध्याकाळी समोर मुंबईभर दिवे लागायचे आणि इकडे नलू कंदिलाची काच पुसत बसायची.

फोनचा असा भरवसा नाही म्हटल्यावर पुन्हा माझी आठवण झाली. कचेरीची निशाणं तर केव्हाच गेली होती. शशिकांतनी घरातली फडकी घेतली आणि बेटाची नवी भाषा ठरवली. पांढरं म्हणजे सामान हवंय, सवडीने ये. पिवळं म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे असशील तसा निघ. कुशाबाने ती पाठ केली, मुंबईच्या धक्क्यावर बसून तो दिवसातून दहा वेळा माझ्याकडे बघायचा.

एकदा शेजारच्या गंगुबाईने लाल घोंगडी धुऊन माझ्या दोरीवर वाळत घातली. कुशाबा भर जूनच्या समुद्रात होडी घालून आला. होडीची एक बाजू फुटली होती, तो स्वतः ओला चिंब, आणि धक्क्यावर येऊन बघतो तर काय, घोंगडी! त्या दिवशी शशिकांत जन्मात पहिल्यांदा कोणावर ओरडले. "काठीवर खोटं चढवायचं नाही! एकदा खोटं चढलं की खऱ्यालाही कोणी विचारणार नाही." बेटावरच्या प्रत्येकाने ते ऐकलं आणि पुढे पाळलंही.

त्यांना एकच मुलगी, उर्वी. माझ्या चौथऱ्यावर खेळून मोठी झाली, होडीने शाळेत गेली, होडीनेच कॉलेजात. लग्न करून ती लालबागच्या एका मनोऱ्यात राहायला गेली, इतक्या वरच्या मजल्यावर की कावळासुद्धा विचार करून चढेल. पण तिच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती आणि तिच्यातून मी दिसायचे. तिने चोरबाजारातून दुर्बीण आणली. जाताना कॉलेजातली पिवळी ओढणी आईकडे ठेवून गेली होती. "आई, रोज सकाळी हीच लाव. मी ती बघूनच चहा टाकीन," ती म्हणाली होती. तेव्हापासून नलू रोज उजाडलं की ती ओढणी चढवायची. मला ते काम आवडायचं. कितीही म्हातारी झाले तरी कोणीतरी रोज आपल्याकडे बघतं, ही लहान गोष्ट नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायची माझी इच्छा नाही, पण ती सोडून माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

कुठल्याशा खात्याच्या साहेबांनी एक दिवस येऊन नियम सांगितला. निदान पाच घरांत माणसं राहत असतील तरच पाण्याचा बार्ज येईल. बार्जबरोबर आमचा माणूस येईल आणि उघडी घरं मोजेल. चार झाली की पाणी बंद. साहेब वाईट नव्हते, वरून आलेलं सांगत होते. त्या दिवशी बेटावर बरोबर पाच घरं होती. शशिकांत-नलूचं, गंगुबाईचं, देवळातली पूजा करणाऱ्या माधवचं आणि खालच्या अंगाची दोन.

तेव्हापासून घर सोडून दोन दिवस कुठे जायचं म्हटलं तरी लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कोणी खोकलं तरी चार डोकी वळायची. पूर्वी आजारी माणसाला मुंबईला न्यायला सगळे धावायचे, आता आजारी माणूस आधी दार लोटून घ्यायचा.

आणि मग शशिकांतना धाप लागायला लागली. आधी पायऱ्या चढताना, मग चालताना, मग नुसतं बसल्यावरही. पाय सुजले. संध्याकाळी ते माझ्याशी टेकून बसत तेव्हा त्यांच्या छातीतला आवाज माझ्या लाकडापर्यंत यायचा. त्यातलं मला काही कळत नव्हतं, तरी पुरेसं कळत होतं.

"उर्वीला सांगूया," नलू म्हणाली.

"सांगितलं की ती येणार, दोघांना घेऊन जाणार, आणि घराला कुलूप लागणार. मग हे लोक काय समुद्राचं पाणी पितील?"

"अहो, पण तुमचं काय?"

"माझं बरं होईल. हवा बदलली की होतं असं. तू पिवळंच लाव."

ज्या माणसाने घोंगडीवरून गंगुबाईला रडवलं होतं, तो माणूस हे सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओढणी चढवली. रोजच्यासारखीच गाठ मारली, पण हात सुटायला वेळ लागला. मला ती ओढणी अंगावर नको होती. पण काठीला कोण विचारतो?

असे कितीतरी दिवस गेले. कुशाबा आला की शशिकांत आत जाऊन पडायचे आणि "काका कुठायत?" असं त्याने विचारलं की गंगुबाईच आधी बोलायची, "झोपलेत रे, जेवण जास्त झालं." फोन चार्ज होऊन आला की नलू उर्वीशी बोलायची. हवा, भाजी, मासे, सगळं बोलायची, आणि शेजारी बसलेले शशिकांत खोकला दाबून धरायचे.

एका सकाळी नलू लाल लुगडं हातात घेऊनच आली. रात्रभर झोपली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाणी चढत होतं, कुशाबा आला असता तर थेट धक्क्याला लागला असता. तिने दोरी सोडली तेवढ्यात गंगुबाई लगबगीने आली आणि तिने नलूचा हात धरला.

"बाय माझे, आजचा दिवस थांब. दुपारी बार्ज येतोय, मोजून जाऊ दे. मग लाल लाव, काळं लाव, काय हवं ते लाव."

"गंगूताई, त्यांना श्वास घेता येत नाहीये."

"मला दिसत नाही होय? पण मी जाऊ कुठे, सांग. माझं आहे का कोणी खिडकीतनं बघणारं?" गंगुबाई रडायलाच लागली. माधव मागे येऊन उभा होता. तो मान खाली घालून राहिला, आणि नलूला ते जास्त लागलं.

तिने लाल लुगडं खाली ठेवलं आणि ओढणी चढवली.

मग जे झालं ते पाहून मला माणसांचा राग यावा की कीव यावी ते अजून ठरवता आलेलं नाही. नलूने शशिकांतची दाढी केली. तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री केली. माधवने आणि तिने त्यांना धरून आणलं आणि माझ्या चौथऱ्यावर, माझ्याशी पाठ टेकवून बसवलं. मांडीवर कालचं वर्तमानपत्र ठेवलं. नलू माझ्या मागे उभी राहिली आणि तिने मागून त्यांचा सदरा मुठीत धरून ठेवला, ते पुढे कलू नयेत म्हणून.

बार्ज आला, टाकी भरू लागली. मोजायला आलेला हितेंद्र नावाचा कारकून सज्जन होता. प्रत्येक दारात डोकावून, "काय म्हणता?" विचारत तो वर आला.

"काका, एकदम फिट ना?"

"एकदम," शशिकांत म्हणाले. एवढा एकच शब्द, पण तो बोलताना त्यांची पाठ माझ्यावर किती जोराने दाबली गेली ते मला ठाऊक.

"काकू, तुम्ही मागे काय करताय?"

"दोरी धरलीये," नलू म्हणाली.

तो हसला. "चला, पाच घरं झाली," असं म्हणून पायऱ्या उतरला. बार्ज धक्क्यालाच होता. त्यात मोटर होती, माणसं होती, आणि मुंबई समोर होती. नलू त्याच्याकडे बघत होती. एक हाक मारली असती तर पुरे होतं. शशिकांतनी मान जरा हलवली, नाही म्हणून. पाणी उतरायच्या आत निघायचं म्हणून बार्ज निघूनही गेला.

तो लांब जाताच ते कोसळले. नलूने मूठ सोडली नाही, सदरा फाटला. मग तिने ओढणी ओढून काढली आणि लाल लुगडं चढवलं, गाठ न मारता, नुसतं गुंडाळून. वारा पडला होता, ते नीट फडकतही नव्हतं.

कुशाबाला मात्र दिसलं. तो लगेच निघाला. पण तो पोचेपर्यंत ओहोटी पुरती लागली होती आणि होडी चिखलाच्या कडेला दूर उभी राहिली. माधव आणि खालच्या घरांतले दोघे यांनी देवळाचं दार काढलं, त्यावर शशिकांतना घातलं आणि चिखलात उतरले. कुशाबा तिकडून चिखल तुडवत आला. "काका, आलो बरं का! आलो, आलो!" तो लांबूनच ओरडत होता. चिखलाच्या मध्यावर ते भेटले आणि कुशाबाने त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. मग तो तिथेच बसला, चिखलात. नलू धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

दिवसकार्य झाल्यावर उर्वी आईबरोबर घर आवरायला आली. पोटभर रडून झालेली होती, डोळे कोरडे होते. भांडी बांधली, अंथरुणं बांधली, आणि जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"आई, मी रोज बघत होते गं," ती म्हणाली. "त्या दिवशीही दोनदा बघितलं. सिद्धार्थ म्हणालासुद्धा, दुपारी परत कशाला बघतेस. पिवळं होतं. मी म्हटलं, चला, बाबा बरे आहेत, आणि निजले."

सिद्धार्थ तिचा नवरा. टाकीपाशी गंगुबाई हंडा भरत होती. तिने ऐकलं, तोंड फिरवलं आणि हंडा भरत राहिली.

मग नलू लेकीकडे राहायला गेली, घराला कुलूप लागलं आणि पुढच्या खेपेला हितेंद्रने चार घरं मोजली. बार्ज यायचा बंद झाला. इतकं सगळं ज्या पाण्यासाठी केलं, ते जेमतेम पंधरवडा पुरलं. आधी खालची दोन घरं गेली, मग माधव देव कापडात बांधून घेऊन गेला. गंगुबाई सगळ्यात शेवटी गेली, पुतण्याकडे, कुठेतरी लांब. होडीत बसताना तिने मला हात जोडले. का, ते तिलाच माहीत.

आता इथे कोणी नाही. कौलं गळून पडतात, टाकीत पावसाचं पाणी साचतं आणि त्यात बेडूक झालेत. कुशाबा अधूनमधून खेकडे धरायला येतो. परवा तो माझ्या चौथऱ्यावर बसून विडी ओढत होता, त्याच्याबरोबर त्याचा कोणी सोबती होता. त्याला तो म्हणाला, "काकू अजून रोज उठून लेकीच्या खिडकीत उभी राहते रे. पोरीनं दुर्बीण लपवली, तर नुसत्या डोळ्यानं बघते. या काठीकडं बघते आणि ऊन वर येईपर्यंत हलत नाय. पोरगी सांगत होती, समजावून थकली."

ते ऐकल्यापासून मला उभं राहणं नकोसं झालंय.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आपल्याला जपा, रंग द्या, विसरू नका, असं काहीतरी मागतात. मला ते नको. तुम्ही होडीने आला आहात, परत जाणार आहात. कुशाबाला सांगा, नाहीतर दुसऱ्या कोणाला सांगा, पण येताना करवत आणा. मला बुंध्याशी कापा आणि जळणाला न्या, काही वाटून घेऊ नका. एका सकाळी नलूने खिडकीत येऊन समोर बघावं आणि तिथे नुसता समुद्र असावा.